येत नाही तेच वाजवा

पियानो शिकायचं ठरवलं तेव्हा मी आधी हेडफोन घेतले, पियानो नंतर आला. नागपूरच्या एका मुलीने हौसेने घेऊन सोडून दिलेला, विजेवर चालणारा, पण पट्ट्या अस्सल पियानोसारख्या जड. पन्नाशीला टेकलेली, नववी-दहावीला विज्ञान शिकवणारी बाई घरात चुकत-माकत सूर काढते आहे, हे आख्ख्या ले-आउटने, म्हणजे आमच्या वसाहतीने, ऐकावं आणि संध्याकाळी फाटकाशी उभं राहून त्यावर चर्चा करावी, एवढी माझी तयारी नव्हती. हेडफोन लावले की आपलं वाजवणं आपल्यापुरतं, अशी माझी समजूत होती. विज्ञान शिकवूनही होती.

नवरा गडचिरोलीला नोकरीत, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. सकाळची शाळा करून मी एकच्या सुमारास घरी येते. जेवण आटोपलं की दुपार माझी. फोनवरच्या व्हिडिओंत एक गोरा म्हातारा शिकवायचा. त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळे, बोटं मात्र पूर्ण कळत. उजवा हात दोन-तीन आठवड्यांत जरा वळणावर आला. डावा हात सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा नुसता बसून राही. त्याला कामाला लावावं तर उजवा विसरून जाई. दोन सूर नीट लागत, तिसऱ्याला बोट अधांतरी थांबे, मग तो सापडे, मग पुन्हा सगळं अडे. मला राग यायचा. शिकवायची सवय असलेल्या माणसाला शिकणं फार जड जातं.

पियानो ठेवला होता शेजारच्या भिंतीला लागून, कारण प्लग तिथेच होता. सेवाग्राम रस्त्यावरच्या आमच्या ले-आउटमध्ये जोडघरं आहेत. माझी आणि शेजारच्या काकूंची मधली भिंत एकच. काका रेल्वेत होते, सिंदीला त्यांची बरीच नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. भिंतीशी त्यांची खाट होती. काही हवं असलं की डाव्या हाताच्या बोटांनी ते भिंतीवर ठोकत. ते ठोके माझ्या घरातही ऐकू यायचे, पण मी त्यांच्याकडे कधी कान दिला नव्हता. पियानो घरात यायच्या आधीच, दिवाळीनंतर, काका गेले.

काकूंनी खाणं सोडलं. म्हणजे उपास वगैरे नाही, नुसतं ताट पुढे घेऊन बसत आणि उठत. मी भाजी नेऊन देई, ती दुसऱ्या दिवशी तशीच झाकलेली दिसे. मुलगा पुण्याहून येऊन गेला, चला म्हणाला, त्या गेल्या नाहीत. पाहता पाहता त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ही बाई उन्हाळा काढत नाही, असं आम्ही शेजारी एकमेकींत बोलायचो. मलाही तसंच वाटत होतं आणि त्याचं वाईट वाटत होतं, कारण माझी आई गेली तेव्हा याच काकू रोज डबा घेऊन आल्या होत्या.

आणि मार्चमध्ये त्या सावरल्या. एका संध्याकाळी बघते तर अंगणात शेवयांसारखे, काडीवर वळलेले सरगुंडे वाळत घातलेले. मग वाटी भरून माझ्याकडे आल्या, पलंगावर बसल्या आणि अगदी सहज, गावाहून कोणी आल्यासारखं सांगितलं.

"मॅडम, हे येऊन राह्यले. दुपारी. भिंतीवर वाजवतात, जसे दुखण्यात वाजवत होते तसेच."

दोन ठोके, मग थांबणं, मग एक, मग लांब थांबणं. हात दमायचा ना त्यांचा, काकू म्हणाल्या, तसंच. आता त्या दुपारी जेवायचं ताट घेऊन ते ऐकत बसत होत्या. आमचं घर बौद्ध. आत्मा नाही, हे मी समजायला लागल्यापासून ऐकत आले आहे आणि मानतही आले आहे. तरी त्यांच्या तोंडावर बोलवेना. उंदीर असतील, उन्हाने छपरावरच्या टिना तडकत असतील, असं मनाशी म्हटलं आणि वाटीतले सरगुंडे डब्यात ओतले.

त्यानंतर एका दुपारी लाइन गेली. कूलर थांबला, पियानोचे दिवे विझले, कानातला सूर मध्येच तुटला. मी मात्र रागाच्या भरात त्याच ओळीवर होते, म्हणून बोटं चालवतच राहिले. आवाज नसला तरी बोटांना वळण लागेल, म्हातारा तसं म्हणालाही होता. हेडफोन गळ्यात आले होते. बाहेर चिटपाखरू नव्हतं. त्या शांततेत मला पहिल्यांदा ऐकू आलं की मी वाजवते तेव्हा बाकीच्यांना काय ऐकू येत असेल. पट्टी खाली आपटते, स्टँडला धक्का बसतो, स्टँड भिंतीला टेकलेला.

ठक, ठक. थांबणं. ठक. लांब थांबणं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो काटा खाली बसायच्या आत, मी बोट उचलून धरलेलं असताना, भिंतीतून उत्तर आलं. दोन हलके ठोके. काकू पलीकडून वाजवत आहेत, हे माझ्या लक्षात आलं आणि मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. स्टँडखाली गोधडीची घडी सरकवली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण काकू जेवत होत्या. हातातल्या बांगड्या जागेवर आल्या होत्या. मी गोधडी घातली नाही. उलट त्यानंतर मी एकही दुपार चुकवली नाही. ताप होता तेव्हाही बसले. शनिवारी नवरा घरी असला की त्याला आत झोपवून बसायची. तो म्हणायचा, तुला फारच वेड लागलं आहे. खरं सांगायचं तर मला तिथे बसायची आता भीती वाटायची. हेडफोन आता मी एकाच कानाला लावायचे, आणि माझ्या प्रत्येक चुकीनंतर भिंतीतून ते दोन ठोके येत, कधी लगेच, कधी उशिरा, आणि मी चूक झाली की आपोआप वाट बघायला लागले होते.

मे महिन्यात शाळेला सुट्ट्या लागल्या. वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी माणूस घराबाहेर पडत नाही, त्यामुळे मी तासन् तास बसू लागले. शेजारून कूलरचा आवाज कधीच यायचा नाही. मला वाटायचं काकू काटकसर करतात. विचारलं तर म्हणाल्या, कूलरच्या आवाजात हे ऐकू येत नाहीत. त्या भट्टीत त्या नुसत्या पंख्याखाली, तोही बारीक करून, ऐकत बसत होत्या.

आणि एका दुपारी माझा हात बसला. कसा ते मला सांगता येणार नाही. डावा हात आपण होऊन उठला, उजव्याच्या सोबतीने चालायला लागला, आणि इतके दिवस घोटत होते ती आख्खी चीज मी पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही न अडखळता वाजवली. मी पुन्हा वाजवली. आनंदाने मला रडू आलं. भिंतीतून त्या दिवशी काही आलं नाही, हे मला संध्याकाळपर्यंत कळलंही नाही.

संध्याकाळी काकूंकडे गेले तर ताट झाकलेलं.

"आज नुसतं वाजत राह्यलं," त्या म्हणाल्या. "त्यात यांचा हात नाई."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चुकले. दोन सूर, थांबणं, एक सूर, मनात मोजून लांब थांबणं. सगळं पहिल्यासारखं केलं. भिंत गप्प. काकूंनी त्याही दिवशी खाल्लं नव्हतं. दारातच मला म्हणाल्या, कोणीतरी यांची नक्कल करून राह्यलं. त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या आणि मला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. तीन-चार दिवसांत बांगड्या पुन्हा सरकल्या. बाहेर ऊन असं की जनावरं सावली सोडत नव्हती, आणि ही बाई उपाशी, बिनकूलरची. आता गप्प बसणं म्हणजे तिला मारणं होतं.

मी त्यांना दुपारी घरी बोलावलं. दुपारी उघड्या दारातून कुत्री शिरतात म्हणून त्या शेजारी येतानाही कुलूप लावतात. तसं लावून आल्या, किल्ली पदराला बांधलेली. मी त्यांना पियानोजवळच्या खुर्चीत बसवलं, हेडफोनची वायर काढली आणि ती चीज वाजवली, पूर्ण, मोठ्या आवाजात. मग म्हटलं, "काकू, ते ठोके माझे होते. मी शिकत होते. मला माफ करा."

त्या रडतील, चिडतील, उठून जातील, या सगळ्याची मी तयारी केली होती. त्या पट्ट्यांकडे बघत होत्या.

"मले माहीत होतं ना, मॅडम. तुम्ही पेटीसारखं काही आणलं ते मी पाह्यलं होतं. ठोके तुमचेच होते."

"मग?"

"तुम्हाले येत नव्हतं तवा मधात जागा राहे. त्या जागेत हे वाजवत. आता तुम्ही जागाच ठेवत नाई."

मला आधी काही कळलं नाही. मग मी त्यांना विचारलं की ते दोन ठोके, माझ्या चुकीनंतर यायचे ते, तुम्ही वाजवत नव्हता का. काकूंनी नाई म्हणून मान हलवली. त्या स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या. काकांची खाट तेराव्याच्या आतच बाहेर काढली होती. त्या भिंतीजवळ आता काही नाही आणि काका गेल्यापासून त्यांनी तिला हात लावलेला नाही.

शिक्षिका म्हणून मला शंभर कारणं देता आली असती. त्यातलं एकही मला स्वतःला पटलं नसतं.

"मुद्दाम चुकू नका," काकू म्हणाल्या. "त्यांना कळते. जे तुम्हाले खरंच येत नाई ना, ते वाजवा."

मी फोन उचलला आणि म्हाताऱ्याचे धडे सरकवत गेले. पुष्कळ पुढचा एक धडा उघडला, ज्यात डावा हात उजव्याच्या वरून पलीकडे जातो. मला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. पहिले दोन सूर लावले. तिसरा शोधताना बोट अधांतरी राहिलं. काकूंनी माझ्या मनगटाला हलकेच धरलं, थांबा म्हणून.

भिंतीत, त्यांच्या कुलूपबंद घराच्या बाजूने, दोन ठोके पडले.

काकूंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला ते बघवेना. मला ओरडावंसं वाटत होतं, दार उघडून रस्त्यावर जावंसं वाटत होतं, आणि मी तिसरा सूर शोधत राहिले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. तो मला खरोखरच सापडत नव्हता.

त्या संध्याकाळी काकूंनी भाकरी केली आणि माझ्यासमोर बसून पोटभर खाल्ली. मला घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी कूलर बंद केला, पियानोपाशी बसले, आणि रोज वाजवावीशी वाटणारी ती एकच येणारी चीज सोडून पुढचा धडा उघडला.