हलतो तो ढग

माझ्या आत्याला बाबा ‘वेधशाळा’ म्हणायचे. ती दारात दिसली की “वेधशाळा आली, आता छत्र्या घरीच ठेवा,” असं म्हणून स्वतःच हसायचे. चिडवायचे खरे, पण टीव्हीवरच्या हवामानवाल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता आणि आपल्या ताईवर आंधळा होता.

आत्या हवामान कार्यालयात होती, पण आमच्या शहराचं आभाळ तिच्याकडे नव्हतंच. तिच्याकडे होता पार उत्तरेकडचा बर्फाळ समुद्र. पडदे ओढलेल्या खोलीत बसून उपग्रहाच्या चित्रांवर ढग कुठला आणि बर्फ कुठला, याच्या रेघा आखायच्या. वरून पाहिलं तर दोन्ही पांढरेच. यंत्र गोंधळलं की आत्याची रेघ लागायची, आणि तीच पुढे अंदाजाच्या गणितात जायची. कामाचा नियम साधा होता. लागोपाठची चित्रं पाहायची. हलतो तो ढग, जागेवर राहतो तो बर्फ. पण भर उन्हाळ्यात तिथल्या समुद्रावर एक सुस्त, खालचा ढग येऊन बसतो, तो दिवसेंदिवस हलत नाही. नवखे तिथे फसायचे. आत्या मात्र उन्हाळ्यात न हलणाऱ्या पांढऱ्यालाही बिनदिक्कत ढग म्हणायची, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर निघायचं.

तिकडच्या ढगांचं आपल्याला काय, असं मी एकदा जेवताना विचारलं होतं. तिने भाकरी बाजूला ठेवून समजावलं. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. ढग असले तर ऊन वरच्यावर परत जातं. ढग हटले की बर्फ वितळतो, खालचं काळं पाणी उघडं पडतं आणि ऊन पीत बसतं. मग तिकडची थंडी आणि इकडची उष्णता यांच्यातला फरक कमी होतो. उंचावरून धावणारा वारा त्या फरकाच्या जोरावरच धावतो, तो ढेपाळतो. आणि तो ढेपाळला की हवा जिथल्या तिथे ठाण मांडते. इकडे उकाडा असेल तर मग उकाडाच.

त्या उन्हाळ्यात तसंच झालं. बाबा छपरांवर पत्रे बसवायचे. एका गोदामाचं काम त्यांनी उन्हापायी पुढे ढकललं होतं आणि मालकाने फोन करकरून जीव नकोसा केला होता. आत्या घरी आली तेव्हा हे ऊन कधी उतरेल, असं त्यांनी तिला विचारलं. कार्यालयाचा अंदाज तिने पाहिलेला होता.

“शनिवारनंतर वारा फिरेल,” ती म्हणाली. “सोमवारी खुशाल चढ.”

सोमवारी ते चढले. वारा फिरला नव्हता, पण ताईने सांगितलंय म्हणजे दुपारपर्यंत फिरेलच, असं ते दादाला म्हणाले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यांच्या हाताखाली काम करायचा. खाली पत्रे कापत होता. वरचा हातोडा थांबला तेव्हा बाबा पाणी पीत असतील, असं त्याला वाटलं. तो शिडी चढून गेला तोवर सगळं संपलं होतं.

त्यानंतर आत्याने त्या उन्हाळ्याची चित्रं पुन्हा काढून पाहिली. ती ज्याला ढग म्हणत आली होती, तो ढग नव्हताच. ढग कधीच विरून गेले होते. ते न हलणारं पांढरं म्हणजे उघड्या उन्हात वितळत पडलेला बर्फ होता. नवख्याने नियम पाळून रेघ बरोबर मारली असती. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला पाणी दिलं आणि सांगितलं, की एका खुर्चीवरून अंदाज ठरत नाही. तुमची रेघ बरोबर असती तरी अंदाज बदलला असता की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणजे चूक सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. अशी सोय कचेऱ्यांतच असते.

मग ती आमच्याकडे आली आणि आईला सगळं सांगितलं. आई बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

“ताई, मला तुमचे ढग कळत नाहीत,” आई म्हणाली. “तुम्ही सांगितलंत म्हणून हे चढले, एवढं कळतं.”

त्यानंतर आई तिच्याशी बोलली नाही. मला आईचं तेव्हा पटलं होतं. दारात आत्याच्या चपला दिसल्या तरी माझं डोकं फिरायचं.

दादाने बाबांची हत्यारं उचलली. पुढच्या उन्हाळ्यात आत्या धावत आली. उत्तरेकडचे ढग पुन्हा फाटलेत, अंदाज काहीही म्हणू दे, या आठवड्यात चढू नकोस, असं तिने त्याला अक्षरशः हात जोडून सांगितलं. तो थांबला. नेमका त्याच आठवड्यात सुरेख गार वारा सुटला. काम दुसऱ्याने नेलं.

“आत्या, तुझे ढग तुझ्यापाशीच ठेव,” दादा म्हणाला. तो तसा वाईट नाही, पण वैतागला होता. तेव्हापासून तो तिचं काही ऐकत नाही.

यंदा ती निवृत्त झाली आणि यंदाही उकाडा ठाण मांडून बसलाय. दादा रोज चढतो. आत्या आता कुणाला काही सांगत नाही. सकाळी आमच्या दाराशी येते. आई तिच्याकडे न बघता पाण्याचा कॅन भरून उंबऱ्यावर ठेवते, तो उचलून ती दादाच्या मागोमाग जाते आणि दिवसभर शिडीच्या पायथ्याशी ओला पंचा मांडीवर घेऊन बसते. काल मी डबा द्यायला गेले होते. मी तिच्याशी बोलत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. वरचा हातोडा थांबला तशी ती उठून उभी राहिली, एक पाय शिडीवर टाकला आणि पुन्हा ठोका ऐकू येईपर्यंत तशीच उभी राहिली.