पांढऱ्या ड्रमचा दसरा

मला आयुष्यात भेटलेल्या माणसांत सोनबा मडावी हा सगळ्यात भित्रा माणूस. हे मी कौतुकानं लिहितो आहे, आणि असं लिहायला मला बरीच वर्षं लागली.

वर्ध्याला स्टेशनापलीकडे पुंडलिकरावांचा बर्फखाना होता. मी तिथं कारकून. दर तासाला मशीनवरचे दाबाचे आणि थंडीचे आकडे वहीत उतरवायचे, एवढंच माझं काम. मशीन चालवायचा तो सोनबा. मूळचा हिंगणीकडचा गोंड, पण दहा वर्षं नागपूरच्या बर्फखान्यांत काढून आलेला. जेवतानाही त्याचे कान मशीनकडे असत. आवाज जरा बदलला की हातातला घास ताटात टाकून उठायचा. "सोनबाचं मशीन बाळंतीण आहे," असं मीच म्हणायचो आणि मीच हसायचो.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात जुना विलायती ड्रम गळायला लागला. ड्रम म्हणजे हौदाशेजारी आडवं ठेवलेलं पुरुषभर लांबीचं लोखंडी पिंप. त्यात थंडगार अमोनिया भरलेला असे. तो नळ्यांमधून मिठाच्या पाण्याच्या हौदात फिरे, आणि हौदातल्या डब्यांत बर्फ धरे. नवा ड्रम मुंबईहून यायला सहा महिने लागणार होते आणि पुंडलिकरावांना सहा दिवसांचाही धीर नव्हता. कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगचा बॉयलर भंगारात निघाला होता. त्याच्याच पत्र्याचा ड्रम त्यांनी गावात जोडून घेतला. रुपेरी रंग चढल्यावर तो झकास दिसायला लागला. सगळे खूश. सोनबा मात्र त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून माझ्याकडे आला.

"बाबूजी, हे लोखंड जनमभर आगीजवळ राह्यलं," तो मला म्हणाला. "त्याले थंडी माईतच नाई."

"लोखंडाला काय कळतं रे, थंडी नि ऊन!" मी खेकसलो.

त्यानं वाद घातला नाही. त्याच पत्र्याचे उरलेले दोन तुकडे त्यानं घेतले, दोन्हीवर छिन्नीनं सारखी खाच पाडली. एक उन्हात ठेवला, दुसरा दोरीला बांधून हौदात सोडला, शून्याखाली दहा अंशांत. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावलं. उन्हातल्या तुकड्यावर हातोडा मारला, तो वाकला. हौदातल्या तुकड्यावर तेवढ्याच जोरानं मारला आणि तो पापडासारखा कडकन मोडला. माझं हसू जागच्या जागी जिरलं.

"ड्रम असा फुटला तर?"

"आतला समदा गॅस एकदम बाहीर येईन. डोळे जातीन, छाती जळन. दारापाशी जो असन तो वाचन." मग म्हणाला, "मालक माह्यं आयकत नाई. तुमी सांगा न. तुमचं आयकतीन."

मी "बघू" म्हणालो. पुंडलिकरावांसमोर नुसतं उभं राहायचीही मला भीती वाटायची. मी काही सांगितलं नाही. ड्रमवर साचलेला बर्फ झाडायला कुणी हातोडी उचलली तर सोनबा त्याच्या अंगावर धावून जाई. दाब काटाभर चढला तरी त्याच्या कपाळावर घाम येई. दिवस असे चालले होते आणि दसरा जवळ आला.

बर्फखान्यात दसऱ्याची एक रीत होती, पुंडलिकरावांच्या वडिलांनी घालून दिलेली. ड्रमवर पांढराशुभ्र बर्फ साचलेला असताना पूजा करायची. ज्याच्या हाती मशीन, त्याच्या बायकोनं ड्रमला ओवाळायचं, शुभ्र बर्फावर कुंकू लावायचं, आणि मग मालकानं ड्रमच्या काठावरच एका दणक्यात नारळ फोडायचा. विलायती ड्रमनं ते दणके वीस वर्षं सोसले होते.

पूजेच्या आदल्या दिवशी घरी काय झालं ते सोनबानं मला मागाहून सांगितलं. नवराबायको घरात आपल्या गोंडीत बोलत; मला त्यानं ते वऱ्हाडीत ऐकवलं. भागाबाई लुगडं धुऊन वाळत घालत होती.

"उद्या तू येऊ नोको," तो तिला म्हणाला. "कावळा शिवला म्हून सांग."

"काऊन?"

त्यानं तुटलेला तुकडा तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. तिनं तो उलटून पालटून पाहिला.

"मंग ताट कोन धरन?"

"डोमाजीची धुरपता."

डोमाजी हा सोनबाच्या हाताखालचा गडी. धुरपता त्याची सहा महिन्यांची नवी बायको. भागाबाईनं तुकडा त्याच्या हातात परत ठेवला. "तिले काई झालं तं चालते का?" एवढंच विचारून ती आत गेली.

"बाबूजी, मले तोंड दाखवाले जागा राह्यली नाई," सोनबा मला म्हणाला.

दसऱ्याच्या दिवशी तांबडं फुटताच तो बर्फखान्यात आला. ड्रमकडे येणारा अमोनिया त्यानं बंद केला आणि मशीन चालू ठेवून ड्रममधला निघेल तेवढा अमोनिया ओढून पलीकडच्या टाकीत नेला. मग डोमाजीला घेऊन ड्रमवर विहिरीचं पाणी ओतत बसला. "गरम पानी नोको," तो सारखा बजावत होता, "हळूहळू, हळूहळू." मी साडेआठला पोचलो तर ड्रमवरचा पांढरा बर्फ वितळून तो ओला रुपेरी झाला होता. फक्त बुडाशी, जिथं थोडा अमोनिया अजून उरला होता तिथल्या सांध्यावर, बोटभर रुंदीची पांढरी पट्टी उरली होती. सोनबा तिथं गुडघ्यांवर बसून पुन्हापुन्हा हात लावून बघत होता.

दहाला पुंडलिकराव आले. मागे बायका, लेकरं, हमाल, पन्नासेक माणसं. ड्रम पाहून मालक जागीच थांबले.

"मशीन कोनं बंद केलं?"

"मी, मालक."

"सनासुदीच्या दिवशी? काऊन?"

सोनबानं दोन्ही तुकडे पुढे केले. एक वाकलेला, एक मोडलेला. "थंड्या लोखंडाले मार सोसत नाई, मालक."

पुंडलिकरावांनी त्या तुकड्यांकडे नीट पाहिलंही नाही. "हातोड्यानं तं काहीबी तुटते! तू मले शिकवून राह्यला का?" असं म्हणत त्यांनी नारळ हातात घेतला. "ओवाळ ओ बाई."

भागाबाई पुढे झाली. तिनं ओवाळलं, ओल्या पत्र्यावर कुंकू लावलं, ते ओघळून खाली आलं. ती मागे सरायच्या आत मालकांनी नारळ उगारला. सोनबा मध्ये शिरला, भागाबाईला पाठीशी घातलं आणि दोन्ही तळवे ड्रमवर टेकवून उभा राहिला. बुडाची पट्टी गेली होती की नव्हती, मी उभा होतो तिथून मला दिसत नव्हतं.

नारळ फुटला. पाणी ड्रमवरून ओघळलं. बस.

"काय झालं? काही झालं का?" पुंडलिकराव हसले. मग सगळेच हसले. कुणीतरी "भेकड सोनबा" म्हणालं, लेकरांनी ते उचललं. दुपारी मालकांनी त्याला मशीनवरून काढून डबे भरायच्या कामाला लावलं. डिसेंबरात त्याच सांध्यावर केसाएवढी चीर निघाली, ती त्याच्या जागी मशीनवर आलेल्या माणसाला वासावरून कळली म्हणून निभावलं. मग अखेर मुंबईचा ड्रम आला. तुझं खरं होतं, असं सोनबाला मात्र कुणी म्हणालं नाही, आणि मीही नाही.

पण मला जे विसरता येत नाही ते त्याच दसऱ्याच्या संध्याकाळचं. भागाबाई आपट्याची पानं वाटत माझ्या दारी आली. "सोनं घ्या, बाबूजी," म्हणत पान माझ्या हातावर ठेवलं. जाता जाता वळली. रागानं नाही, खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं:

"पूजेच्या वक्ताले तुमी एकटेच दारापाशी काऊन उभे होते?"