माघातली शिष्यवृत्ती

पत्नी गेली त्या वर्षी मी तिच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. ती मासवणकडच्या एका शाळेत शिकवायची. दिवाळी झाली की डोंगराकडची कुटुंबं मुलाबाळांसकट वीटभट्ट्यांवर जायची आणि तिचा वर्ग ओस पडायचा. त्यातली एक मुलगी तरी मागे राहून दहावीला बसावी, एवढाच हेतू.

बोईसरच्या आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मंडळींची समिती झाली. मला बरंच वाटलं. समिती असली की बोलायचं काम दुसरे करतात. त्यांनी अर्ज छापून आणला. स्थलांतरित विद्यार्थ्यांच्या त्या अर्जाला जोडायचा होता, गेली तीन वर्षं एकाच पत्त्यावर राहत असल्याचा दाखला.

मी शंका काढली.

"अहो, उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल मी स्थलांतरित," अध्यक्ष म्हणाले. "पुरावा नको?"

ती अट कशीबशी निघाली. "लाभार्थीने समक्ष हजर राहावे" ही राहिली. आणि कार्यक्रम पुण्यतिथीलाच, म्हणजे माघात, यावर मीच हटून बसलो.

शाळेने एका मुलीचं नाव सुचवलं. तिला पत्र गेलं. माघात फोटोला हार घातला, दिवा लावला, भाषणं झाली. मुलीचं नाव तीनदा पुकारलं. कोणी उठलं नाही. मग चिटणिसांची भाची उठली. तिचे आईवडील पालघरचं घर सोडून बोईसरला नव्या फ्लॅटमध्ये आले होते.

"हेही स्थलांतरच की!" अध्यक्ष माइकवर म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

वैशाखात मी शाळेने सुचवलेल्या त्या मुलीच्या घरी गेलो. कुटुंब नुकतंच भट्टीवरून परतलं होतं. मुलगी दारात भांडी घासत होती.

"पत्र भेटलं होतं सर," तिची आई म्हणाली. "पन दिवालीनंतर आमी हितं असतो काय? पोरीला कोनाकडं ठेवू, काय खायला घालू?"

"परीक्षा?"

"तवा ती विटा वाहत होती." मग मला निरखून म्हणाली, "बाईंच्या घरात राहून तुमाला एवढं ठावं नाय?"

ठाऊक असायला हवं होतं. दर दिवाळीनंतर पत्नी रिकाम्या बाकांबद्दल बोलायची आणि मी हं हं करत पेपरचं पान उलटायचो.

परत येऊन समितीला सांगितलं: यापुढे शिष्यवृत्ती दसऱ्याला, मुलीच्या घरी जाऊन. हार नाहीत, माइक नाही.

अध्यक्ष दुखावले. "मग पुण्यतिथीला आम्ही काय करायचं?"

"काही नाही. मी घरी वाचत बसेन."

दसऱ्याला मी एकटाच त्याच मुलीच्या घरी गेलो. तिच्या जेवणाखाण्याचे पैसे हातात पडले, तशी गावातली तिची मावशी तिला ठेवून घ्यायला तयार झाली. भाऊबीज झाली, भट्टीचा ट्रक आला, आईबाप चढले. मुलगी मावशीकडे राहिली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्याचं तिच्या शिक्षकांनी कळवलं.