कडी नसलेलं दार

सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन आम्ही सगळे बाकावर ताटकळत होतो. शेजारचे आजोबा तपासणी उरकून आले ते थेट बाथरूमकडे. दाराला कडी नव्हती, म्हणून त्यांचा मुलगा दार धरून पाठमोरा उभा राहिला. बराच वेळ गेला.

"सावकाश होऊ द्या, बाबा. मी आहे इथे."

"तू आहेस म्हणूनच होत नाही, मेल्या!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

एकदा गावी जाताना वडिलांनी तिसऱ्यांदा गाडी थांबवायला लावली. ते बाभळीआड उभे होते आणि मी हॉर्न वाजवत होतो. प्रोस्टेट वाढलं की लघवी लवकर सुरूच होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. नंतर प्रवास असला की ते सकाळपासून पाणी पीत नसत. पुढे यायचेच बंद झाले.

आत गेल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "वडिलांना होता का हा त्रास?"

"होता. पण सांगायचे नाहीत. मला घाबरायचे."

तपासणीनंतर मी त्याच बाथरूममध्ये गेलो. एका हाताने दार आतून ओढून धरलं आणि वाट पाहत उभा राहिलो.