ऊभो रे

माझ्या दाजींचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी त्यांच्याविषयी एखादं बरं वाक्य बोललोच, तर ते नाइलाजाने बोललो असं समजावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे काठियावाडी, कतारगामात हिऱ्याच्या कारखान्यात मॅनेजर. आम्ही खानदेशातले. वडील धुळ्याकडून सुरतेला लूमवर कामाला आले आणि शेवटी कोसाडच्या वसाहतीत आमचं बस्तान बसलं. घरात अहिराणी, शाळेत गुजराती आणि रस्त्यावर जी तोंडाला येईल ती भाषा, असा आमचा कारभार. बहिणीने दाजींशी स्वतः जमवलं. आमच्याकडचे लोक फार बोलले नाहीत, त्यांच्याकडचे पोटभर बोलले. हा माणूस तेव्हापासून आमच्या घरी येतो, वांग्याचं भरीत बोटं चाटून खातो, शेवभाजी दोनदा मागून घेतो, पण आमच्या भाषेतला एक शब्द त्याच्या तोंडून निघालेला नाही. आईला म्हणतात, "केम छो?" आई म्हणते, "बरी शे." मग दोघं हसतात. एवढाच सासू-जावयाचा संवाद.

तेही मी गिळलं असतं. पण भाचीचं मला गिळता येईना. पोरगी नुकतीच पहिली पास झाली. घरात गुजराती बोलते, शाळेत इंग्रजी. माझ्या आईची गुजराती 'केटला' आणि 'ओछा करो' या भाजीवाल्याशी करायच्या घासाघिशीपुढे जात नाही. रविवारी नात आली की आई तिच्या हातात लाडू ठेवते, पोरगी तो खाते, आई तिच्याकडे बघत बसते. आईला एकच हवं होतं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत नातीने कोसाडला येऊन राहावं. "मनासंगे चार शब्द बोलाले तं शिकू दे तिले," असं ती बहिणीला म्हणायची. बहीण दाजींकडे बघायची.

दाजी म्हणाले, "त्यांनुं वातावरण बराबर नथी. छोकरीनी भाषा बगडी जाय."

हे त्यांनी आईसमोर म्हटलं. तिला कळणार नाही असं धरून चालले होते. पण वातावरण आणि भाषा हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. आई उठून आत गेली आणि भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती. मी तिथेच काही बोललो असतो, पण आमच्याकडे जावयाला उलटून बोलत नाहीत. तोंडावर दाजी आणि तुम्ही, मनात जे असेल ते असेल.

आमच्या दोघांत जुळणारी गोष्ट एकच, डोंगरावरची सायकल. ही हौस आधी माझी. मी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन बसवतो. दिवसभर बसून पाठ धरते म्हणून जुनी माउंटन बाइक घेतली आणि नादी लागलो. सुरतेत हा नाद करणं म्हणजे वेडेपणाच. गाव तव्यासारखं सपाट. चढ हवा असेल तर पूल शोधायचा, उतार हवा असेल तर तोच पूल उलट्या बाजूने उतरायचा. रविवारी कापड मार्केट बंद असलं की वॉचमनला चहा पाजून पार्किंगच्या उताराने गोल गोल खाली यायचो. अमरोलीकडे तापीच्या पूरबांधावरून उड्या मारायचो. स्वतःलाच शिकवायचो आणि स्वतःवरच ओरडायचो. उतारावर सीट खाली घालायची, दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवायची आणि त्यांच्यावर उभं राहायचं. बसलेला माणूस फेकला जातो. म्हणून एकच मंत्र, उभा राहा. हेल्मेटच्या आत मी तो मोठ्याने म्हणायचो.

दाजींनी हे पाहिलं आणि माझ्या मोटारसायकलपेक्षा महाग सायकल आणली. सहा महिन्यांत ते मला शिकवू लागले. यंदा मे महिन्यात ते हिमाचलातल्या एका स्कीच्या रिसॉर्टवर निघाले. हिवाळ्यात लोक तिथे बर्फावरून घसरतात. बर्फ गेला की त्याच रोपवेच्या पाळण्यांना सायकली अडकवून वर नेतात आणि खाली यायला डोंगरात वाटा कोरलेल्या आहेत. मला म्हणाले, "चाल साथे." प्रेमाने नव्हे. ब्रेक बांधायला, पंक्चर काढायला, पेट्या उचलायला कोणीतरी हवं होतं. मला हे पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी गेलो, कारण खरा डोंगर मी कधी पाहिलाच नव्हता.

डोंगर पाहिला आणि मला त्याचाही राग आला. बर्फाशिवाय ती जागा उघडीबोडकी दिसते. काळपट पडलेले बर्फाचे दोन-चार तुकडे, चिखल, रिकामी हॉटेलं आणि डोक्यावरून कुरकुरत जाणारे पाळणे. वाटा मात्र जबरदस्त. हिरव्या पाटीची वाट सोपी, लाल पाटीची कठीण आणि काळ्या पाटीच्या वाटेवर आपल्या जबाबदारीवर जावं असं लिहिलेलं. देवदाराची ओली मुळं वाटेवर आडवी पसरलेली. मग दगडांचा पट्टा, एकेक दगड पाट्यावरवंट्याएवढा आणि सगळे सुटे. शेवटी एक मोठी शिळा. तिच्या कडेवरून सायकलसकट खाली उडी घ्यायची. कडेपलीकडचं काहीही दिसत नाही.

दोन दिवस आम्ही हिरवी आणि लाल वाट उतरलो. दाजी प्रत्येक वळणावर मागे बघून मला सूचना द्यायचे. स्वतः दगडांवर पाय टेकत टेकत यायचे. मी टेकत नव्हतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळण्यात बसलो असताना मी म्हणालो, "दाजी, काळी वाट मी पाय न टेकता उतरलो, तर पोरगी सुट्टीत आईकडे राहील."

ते हसले. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसायचे थांबले. जावयाला असं बोलायची आमची रीत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

"पग अड्यो एटले वात पूरी," ते म्हणाले. पाय टेकला की विषय संपला.

"संपला."

मीच आधी जाणार होतो, पण दाजींना साक्षीदार व्हायचं होतं. मी लबाडी करीन अशी त्यांना खात्री. ते पुढे उतरून शिळेच्या खाली थांबणार आणि माझे पाय बघणार असं ठरलं. ते गेले. मी वर उभा राहून हातमोजे घट्ट केले, चाकांतली हवा जराशी कमी केली. भीती होतीच, पण तिच्याहून राग जास्त होता आणि तो मला उपयोगी पडत होता. आई घासलेली भांडी घासत बसली होती, ते डोळ्यांपुढे आणलं आणि निघालो.

मुळं पार केली. पुढचं चाक दोनदा घसरलं, दोनदा सावरलं. दगडांच्या पट्ट्यात हातांना असे हिसके बसत होते की दात वाजत होते. एका जागी सायकल जवळजवळ थांबली. डावा पाय आपोआप पॅडलवरून सुटला, हवेत लोंबकळला आणि मी त्याला ओढून परत पॅडलवर आणला. टेकला नाही. देवाशपथ टेकला नाही. मग वाट वळली आणि शिळा समोर आली. दोन्ही ब्रेक दाबलेले, मन मागे ओढत होतं, सायकल खडखडत कडेकडे चालली होती. थांबायला अजून जागा होती.

तेवढ्यात खालून दाजींचा आवाज आला. "ऊभो रे! ऊभो रे!"

आता हे कसं सांगावं. हेल्मेटमध्ये मला ऐकू आलं, "उभा रे!" मला वाटलं, हा माणूस मला सांगतोय, पॅडलवर उभा राहा, बसू नकोस. तेही आमच्या भाषेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तेही मी जिंकावं म्हणून. इतका आनंद मला त्या माणसामुळे कधी झाला नव्हता आणि पुन्हा होईल असं वाटत नाही. मी उभा राहिलो, ब्रेक सोडले आणि कडेवरून गेलो.

खाली दाजी वाटेत आडवे पडले होते. ते स्वतःच उडी चुकून आपटले होते, पाय सायकलीत अडकला होता, सायकल वाटेवर पसरली होती. थांब, थांब, असं ते जीव तोडून ओरडत होते.

सुरतेत रिक्षा थांबवायची तर 'ऊभी राख' म्हणतात, माणसाला थांबवायचं तर 'ऊभो रे'. हे मला माहीत नव्हतं का? मी गुजराती शाळेत शिकलोय, दिवसातून दहा वेळा हे ऐकतो आणि बोलतो. पण पॅडलवर जीव टांगलेला असताना माझे कान घरचे झाले होते.

हवेत असतानाच मी हँडल तिरपं केलं. दाजींच्या डोक्यावरून न जाता त्यांच्या बाजूच्या दगडांवर गेलो. गळ्याखालचं, खांद्याजवळचं हाड मोडलं तो आवाज मला आतून ऐकू आला. वरून पाळणे कुरकुरत जात होते. मग दाजी कोपरावर उठले. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून पहिलं वाक्य म्हटलं, "पग अडी गयो."

"पाय नाही," मी म्हणालो, "खांदा टेकलाय."

त्या माणसाला मी त्या क्षणी खरोखर मारलं असतं, पण हात उचलत नव्हता.

सुरतेला परत आल्यावर दाजींनी त्यांच्या घरी वेगळंच सांगितलं. "मी थांब म्हणून ओरडत होतो, तरी साळा मुद्दाम माझ्या अंगावर आला." त्यांच्या आईने कपाळाला हात लावला. मी गळ्यात पट्टा बांधून सोफ्यावर बसलो होतो आणि माझ्याकडे कुणी सरळ बघत नव्हतं. बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने नवऱ्याला विचारलं, नक्की काय ओरडलात? त्यांनी सांगितलं. मग तिने मला विचारलं, "तुला काय ऐकू आलं?"

मी सांगितलं. ऐकून किती आनंद झाला होता तेही सांगितलं. माझी बहीण रडकी नाही, पण ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग वळून तिने दाजींना गुजरातीत विचारलं, आमच्यात 'उभा राहा' म्हणजे काय, सांगा.

दाजींनी आपल्या आईकडे पाहिलं.

"म्हणजे उठून ताठ हो," ती म्हणाली. "एवढी वर्षं माझ्या आईच्या हातचं जेवता. एवढं तरी माहीत हवं होतं." हे ती मराठीत बोलली, सासूसमोर, आणि त्याचं भाषांतर केलं नाही. आत जाऊन पोरीचे कपडे पिशवीत भरू लागली. दाजींनी अडवलं नाही. प्रेमाचं भरतं आल्यामुळे नसेल. माझ्या मोडक्या खांद्याकडे बघून बोलता आलं नसेल, एवढंच.

अशी भाची कोसाडला आली. पहिल्या दिवशी आईने तिच्यासाठी परकर शिवायला कापड काढलं. पोरगी खाटेवर बसलेली. आई म्हणाली, "उभी ऱ्हाय माय, माप लेऊ दे."

पोरगी हललीच नाही. शहाण्यासारखी थांबून राहिली, आजी सांगेल तोवर. आईने पुन्हा सांगितलं. ती आणखी गच्च बसली. आई माझ्याकडे बघायला लागली, पोरगी आईकडे. मला हसू येईना. मी भाचीसमोर जाऊन खाली बसलो आणि म्हणालो, "उभी ऱ्हाय," आणि उठलो. खांद्यातून कळ गेली. पुन्हा बसलो, पुन्हा म्हणालो, पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा ती माझ्याबरोबर उठली. दिवसभर मग तोच खेळ चालला. संध्याकाळी तिने आजीला हुकूम सोडला, "आजी, उभी ऱ्हाय!" आणि गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणारी माझी आई हसत उठली.

सुट्टी अजून बाकी होती, तेवढ्यात एका दुपारी खालून गाडीचा हॉर्न वाजायला लागला. दाजी न्यायला आले होते. वर यायचं नाही, फोन करायचा नाही, नुसता हॉर्न. आई नातीची वेणी घालत होती. एक बाजू झाली होती, एक मोकळी होती. तिचे हात थांबले. मी गॅलरीत गेलो. खाली दाजी गाडीत, काचा वर, एसी चालू.

"दाजी!" मी ओरडलो. "उभे राहा!"

त्यांनी काच खाली करून वर पाहिलं. गुजरातीत ऐकलं असतं तर नुसतं थांबायचं होतं, तिथेच गारव्यात बसून. हॉर्न बंद झाला. मग इंजिन बंद झालं, दार उघडलं आणि दाजी गाडीतून उतरून उन्हात ताठ उभे राहिले.

मी आत येऊन आईला म्हणालो, सावकाश घाल वेणी. ऊन चांगलं कडक होतं.