बाच्या पायाचं माप

त्या वर्षी कापसाला असा भाव आला की अमरावतीच्या माझ्या सासरच्या माणसांना स्वर्ग दोन बोटं उरला. दूर समुद्रापार कुठेतरी लढाई पेटली होती म्हणे, आणि तिचा गुलाल आमच्या घरी उडत होता. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या आणि बैठकीत पांढरीशुभ्र चादर अंथरली. तिच्यावर सकाळ-संध्याकाळ कापसाचे दलाल लोळायचे. मला ती चादर पहिल्या दिवसापासून आवडली नाही, कारण ती धुवायची मला होती.

माझं माहेर अकोल्याचं. बा वांगी, मेथी, झेंडू लावायचा. उभ्या जन्मात त्यानं पायात जोडा घातला नव्हता. बाजारच्या जोड्यात त्याचा पाय अर्धाच जायचा. एकदा तो वांग्यांची टोपली घेऊन मला भेटायला आला आणि सरळ बैठकीत शिरला. वाटेत नाला ओलांडून आलेला. चादरीवर काळ्या पावलांची रांग उमटली. एक दलाल म्हणाला, "पाव्हणे वावर संगंच घेऊन आले वाटते!" सगळे हसले. बासुद्धा हसला. पण त्यानंतर दोन वर्षं तो आमच्याकडे फिरकला नाही. निरोप धाडला की उत्तर ठरलेलं, "जोडे केले का येतो, माय." त्याला जोडेही करायचे नव्हते आणि यायचंही नव्हतं, हे मला कळत होतं. मला रडू यायचं आणि रागही यायचा. राग जास्त.

शेवटी मी ठरवलं, जोडे मीच करवून घेते. पेठेच्या टोकाला एक मोची होता. एकटाच काम करायचा आणि कोणाचं ऐकायचा नाही. त्याच्या दारात घरंदाज बायकांनी उभं राहू नये, असं सासूबाईंचं म्हणणं; तरी मी उभी राहिले.

"पाय आना," तो म्हणाला. "तोही सांजेचा. दिवसभर राबला का पाय पसरते. सकाळच्या मापाचा जोडा सांजेले चावते."

"पाय जोड्याबिगर येत नाही, भाऊ," मी म्हणाले.

"अन् जोडा पायाबिगर होत नाही."

झालं! मी तणतणत घरी आले.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मला युक्ती सुचली. बा मेथीच्या वाफ्याला पाणी देत होता. तो पुढे सरकताच ओल्या चिखलातलं त्याचं एक पाऊल मी खुरप्यानं चौकोनी कापून काढलं, केळीच्या पानात गुंडाळलं आणि टोपलीत ठेवलं. टाचेची भेग न् भेग त्यात उठली होती. भावानं विचारलं तर मी म्हणाले, तुळशीसाठी माती नेतेय. परतताना गाडीत तीन दिवस ती टोपली मांडीवर होती. ऊन चांगलं तापलं होतं आणि मी स्वतःवर फार खूश होते.

मोच्यानं ते वाळलेलं ढेकूळ उलटसुलट करून पाहिलं. "तुमचा बा ठेंगणा हाय का, बाई?"

"माहा बा ठेंगणा?" मी भडकले. "चौकटीले डोकं लागते त्याचं! माप हाय तसा जोडा कर."

आठवड्यानं जोडे झाले. लाल दोऱ्याची टीप, पुढे वळवलेली चोच, आत मऊ कातडं. अकोल्याला निघालेल्या एका गाडीवानाबरोबर मी ते धाडले आणि वाट पाहत बसले.

पंधराव्या दिवशी बा अंगणात उभा. अनवाणी, आणि जोडे काठीला लटकवलेले. हसून हसून डोळे पुसत होता. "वाफ्यातला चौकोनी खड्डा पाहून मले तवाच समजलं होतं," तो म्हणाला. "पण माय, जोडा लहान झाला. काळी माती वाळली का आखडते ना! उन्हाळ्यात तिच्या भेगीत आपला पाय जाते. माळ्याची पोरगी तू, अन् मातीवर माप नेऊन राहिली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो आला होता.

त्याच संध्याकाळी त्याला मोच्याकडे नेलं. मोच्यानं बाचा पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मापाचा दोरा घेतला. "चार दिवस लागतीन. जोडा ओला असतानी रोज सांजेले पायात घालावा लागते, तवा तो पायावर बसते."

"मंग मी जातो. येईन कवा तरी," बा म्हणाला. मला वाटलं, आता गेला की हा पुन्हा यायचा नाही.

"जा ना," मोची म्हणाला. "पाय तेवढा ठेवून जा."

बा राहिला, पण बाहेरच्या ओट्यावर. जेवण ओट्यावर, झोप ओट्यावर. मामंजींनी दोनदा आत बोलावलं, तर म्हणाला, "इथंच बरं हाय."

चौथ्या संध्याकाळी तो नवे जोडे घालून आला आणि ओट्यावर न थांबता सरळ बैठकीच्या दाराशी गेला. आत दलाल बसले होते, तो हसणाराही होता. बानं सावकाश जोडे काढले, दलालांच्या जोड्यांच्या रांगेत नीट लावून ठेवले आणि अनवाणी आत गेला. बैठकीत सगळे अनवाणीच बसतात; दारात काढून ठेवायला जोडे असले की झालं. तक्क्याला टेकून त्यानं मामंजींना विचारलं, "काय मंता, यंदा कापूस कसा हाय?" मी आतल्या दाराआड तोंडात पदर कोंबून रडले.

जोडे मिळाले होते, थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी बा आणखी तीन दिवस राहिला.