सांगणारीचा सूर्योदय

ती रोजच्या बोलण्यातही विरामचिन्हं सांगायची. "माय, भूक लागली, पूर्णविराम. स्वयंपाक अजून काऊन नाही झाला, प्रश्नचिन्ह." तिची आई कपाळाला हात लावायची. आम्ही पोरी मात्र हसून हसून लोळायचो. तिची ही दहावीच्या पेपरची तालीम चालली होती. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. पेपर ती तोंडी सांगणार आणि मी उतरवून घेणार होते. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून आठवीतल्या माझी वर्णी लागली. तिरोड्याकडच्या आमच्या गावाने मग आमची नावंच टाकून दिली. ती 'सांगणारी' झाली आणि मी 'लिहिणारी'.

सांगणारी भारी हट्टी होती. घरात ती पोवारी बोलायची, गल्लीत झाडीबोली आणि गोंदियाच्या बाजारात हिंदी. पुस्तकातलं मराठी तिच्या वाट्याला सगळ्यात शेवटी आलं होतं. सरावाला बसलो की माझी जीभ वळवळायची, "ताई, 'होऊन राहिलं' नको, 'होत आहे' लिहू का?" ती लगेच फटकारायची. "पेपर तुहा आहे का माहा? मी सांगून राहिली तेच लिही." नियमही तोच होता, पण तिच्या तोंडून तो शिवीसारखा लागायचा.

दहावीवर तिचं सगळं अडलं होतं. नागपूरच्या एका वसतिगृहात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. तिथे राहून तिला पुढे शिकायचं होतं आणि नोकरी करायची होती. तिच्या बाबांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "पास झाली त जा. नाही त घरी बस." घरी बसणं म्हणजे काय, हे तिला आमच्या कोणापेक्षाही जास्त कळत होतं.

मराठीच्या पेपरला आम्हाला वेगळी खोली आणि जास्तीचा वेळ मिळाला. मी निबंधाचे विषय वाचले. पहिलाच होता 'मी पाहिलेला सूर्योदय'. मी घाईघाईने पुढचे विषय वाचले, तर ती म्हणाली, "पहिला घे."

"ताई, तो कायले?"

"काऊन? सूर्य काय तुमच्याच घरी उगवते का? लिही."

तिने बोदलकशाच्या तलावावरची पहाट सांगितली. पाण्यावरून थंड वारा येतो. मग तो थांबतो. मग कोणी हात लावावा तसा एक गाल गरम होतो आणि दुसरा थंडच राहतो. ज्या बाजूचा गाल गरम झाला, तिकडे सूर्य. रात्रभर मासे धरून ढिवरांचे डोंगे काठाला लागतात. त्यापुढेही तिने पुष्कळ सांगितलं. मागे उभ्या पर्यवेक्षक बाई जवळ येऊन ऐकत होत्या. पूर्ण निबंधात एकही रंग नव्हता.

निकालात ती मराठीत राहिली. बाकी सगळ्या विषयांत पास. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. ही मुलगी पाहू शकत नाही, हे तपासणाऱ्याला कुठून कळणार? त्याने पेपरभर 'होऊन राहिलं'खाली रेघा ओढल्या असतील, सूर्योदयात केशरी शोधला असेल आणि सापडला नसेल. मला तेव्हा फार राग आला होता. अजूनही येतो.

ती रडली नाही. पुरवणी परीक्षेसाठी तिने गाइडमधले निबंध माझ्याकडून वाचून घेतले आणि घोकले. 'पूर्व दिशा केशरी रंगात न्हाऊन निघाली.' या वाक्याशी तिने मला थांबवलं. "केशरी कसा असते?" मी अंगणातला झेंडू तिच्या हातात दिला. तिने तो हुंगला. "मंग झेंडूच लिहू ना."

"मार्क नाही देत ताई."

"बरं," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्याशी भांडली नाही. पुरवणीच्या पेपरात तिने केशरी, सोनेरी, गुलाबी असं सगळं सांगितलं, शुद्ध मराठीत, आणि मी लिहिलं. ती पास झाली.

बाबा स्वतः तिला नागपूरला सोडून आले. तिथे तिला मैत्रिणी मिळाल्या. फोनवर ती खूप हसायची. दुसऱ्या वर्षी सिकलसेलने ती गेली. ते रक्ताचं दुखणं तिला लहानपणापासून होतं.

आता मी मराठी शिकवते आणि दहावीचे पेपर तपासते. एकटी गठ्ठा उघडून बसले की मला ती शेजारी असल्याचं जाणवतं. मी मान वळवून पाहत नाही. तिचा पहिला पेपर केव्हाच रद्दीत गेला असेल. तो निबंध ऐकलेल्यांत, माझ्या माहितीत, आता मीच उरले आहे, आणि मला तो डोंगे काठाला लागतात इथपर्यंतच आठवतो. पुढचं मी माझ्या हाताने लिहिलं होतं, तरी आठवत नाही. ते कोणाच्या तरी पेपरात सापडेल, या वेड्या आशेने मी प्रत्येक निबंध शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचते.